खाली मॅडम, वर आप्पा, मध्ये फ्लू

फुकट सॅम्पलची औषधं आणि किस्से या दोन गोष्टी डॉक्टरच्या घरी आपोआप साठत जातात. मागवत कोणीच नाही, कुठे ठेवावं ते कळत नाही आणि टाकून द्यायचा धीर होत नाही. सॅम्पलवर निदान एक्स्पायरी छापलेली असते. किश्शांचं तसं नाही, म्हणून आज ड्रॉवर उपडा करते.

आधी जरा भूगोल सांगते. गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत आमचा दवाखाना आहे. खाली दवाखाना, वर घर. दवाखाना मुळात माझ्या सासऱ्यांचा, आप्पांचा. चाळीस वर्षं चालवून चार वर्षांपूर्वी त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि स्वतः वरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले. नवरा, नितीन, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इंजिनियर आहे, त्यामुळे माझ्या आणि आप्पांच्या भांडणाच्या वेळी तो नेमका ड्यूटीवर असतो. खाली माझ्या मदतीला चंदाताई. नंबर लावायचे, केस पेपर काढायचे, औषधं समजावून सांगायची, हे सगळं त्या आप्पांच्या काळापासून करतात.

अडचण एकच आहे, ती म्हणजे जिना. दवाखान्याच्या मागच्या दारातून तो थेट वर जातो. पेशंट मला दाखवतो, चिठ्ठी घेतो, 'येतो मॅडम' म्हणतो आणि सरळ जिना चढून आप्पांना विचारतो, "मॅडमनी हे सांगितलंय, बरोबर आहे का?" आप्पा चिठ्ठी हातात घेतात, चष्मा वर करतात आणि म्हणतात, "हं. बघू." 'बरोबर आहे' असं चार वर्षांत त्यांनी एकाही माणसाला सांगितलेलं नाही. त्यामुळे माझी डॉक्टरकी खाली चालते की वर ठरते, हे मला अजूनही नीट कळलेलं नाही. आणि थंडीत फ्लूची साथ आली की जिन्यावर रांग लागते.

* * *

समोरच्या हार्डवेअरच्या दुकानाचे देवरेकाका एका सकाळी आले. येतानाच निदान घेऊन आले होते.

"मॅडम, थोडं व्हायरल आहे. फ्लू नाही."

ताप एकशे दोन, डोळे लाल, आणि एक हात भिंतीला टेकलेला. मी विचारलं, फ्लू नाही हे कशावरून ठरवलं?

"फ्लू असता तर मी झोपलो असतो की."

मी समजावलं की काका, फ्लूसुद्धा व्हायरसनेच होतो, आणि तुम्ही झोपायलाच हवं. काकांनी बराच विचार केला. मग म्हणाले की आज दुकानात माल यायचा आहे, तेव्हा आज व्हायरलच राहू द्या, उद्यापासून फ्लू धरा. मला हसावं की रागवावं ते कळेना. चंदाताईंनी मात्र शांतपणे त्यांच्या केस पेपरवर उद्याची तारीख टाकली.

* * *

फ्लू ओळखायचा कसा, याची माझी एक साधी युक्ती आहे. सर्दी हळूहळू येते. आधी नाक, मग घसा, मग दोन दिवसांनी माणूस म्हणतो, जरा बरं नाही. फ्लू एकदम आदळतो. म्हणून मी विचारते, नेमकं कधी सुरू झालं? वेळ सांगता आली तर फ्लूचा संशय घ्यायचा.

सटाण्याकडचे एक आजी-आजोबा लेकीकडे आले होते. आजोबा एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. आजी म्हणाल्या, "अंग दुखस, डोकं दुखस, काहीच गोड लागत नही." मी माझा प्रश्न विचारला. आजींनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं की काल दुपारी तिसरी भाकरी तव्यावर असताना एकदम थंडी वाजली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

तेवढ्यात आजोबा म्हणाले, तिसरी नाही, दुसरी. आजी म्हणाल्या, तिसरी. हा वाद पाच मिनिटं चालला. शेवटी मी आजोबांना विचारलं, तुम्हाला एवढं खात्रीने कसं माहीत? ते म्हणाले, मी दोन खातो आणि मला एकच मिळाली. त्यांनाही ताप होताच. दोघांचं निदान पक्कं करून मी चिठ्ठी लिहिली, आणि दोघं जिना चढले.

दहा मिनिटांत आप्पांची वरून हाक आली. मी गेले तर आजोबांच्या पाठीला त्यांनी स्टेथोस्कोप लावलेला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाकऱ्या नीट मोजल्यास. छाती ऐकलीस का?"

मी ऐकली होती. पण उजवीकडे खाली बारीक शिट्टी वाजत होती, ती मला सापडली नव्हती. आता सापडली. आजोबांना फुफ्फुसाचं औषध लागलं आणि ते बरेही झाले. त्या दिवसापासून आप्पांवर चिडायचं की त्यांच्याकडून शिकायचं, हे मला दर वेळी नव्याने ठरवावं लागतं.

* * *

आता सुईचा प्रश्न. आप्पांच्या काळात ताप म्हणजे सुई, अंगदुखी म्हणजे सुई, आणि काहीच नसेल तरी माणूस एवढ्या लांबून आला म्हणून सुई. त्यात बहुतेक वेळा नुसतं जीवनसत्त्व असायचं. लोक खूश, आप्पा खूश.

गिरणाऱ्याकडून एक गृहस्थ आले. तरणाबांड गडी, साधा फ्लू. म्हणाले, सुई टाका म्हणजे कामाला लागतो. मी पेन खाली ठेवलं आणि त्यांना सगळं सांगितलं. विषाणू म्हणजे काय, अँटिबायोटिक त्याला का लागू पडत नाही, शरीर स्वतःच त्याच्याशी कसं झगडतं, आराम, पाणी आणि तापाची गोळी एवढं पुरेसं का आहे. वहीवर चित्रसुद्धा काढलं. ते फार मन लावून ऐकत होते. शेवटी हात जोडून उठले आणि अर्थातच वर गेले.

आप्पांनी विचारलं, मॅडम काय म्हणाल्या?

"लय बोलल्या. त्यांना पक्कं काय माहिती नाय वाटतं."

हे मला स्वतः आप्पांनीच जेवताना सांगितलं, आणि सांगताना त्यांनी आमटीची वाटी दोनदा मागून घेतली. मी विचारलं की मग तुम्ही काय केलंत? म्हणाले, "काय करणार? मी बोललोच नाही. सुई दिली."

* * *

गेल्या साली मी एका चिठ्ठीने अख्खी सोसायटी बरी केली, असं आमचा मेडिकलवाला अजून सांगतो. घडलं ते असं. शेजारच्या सोसायटीतली एक मुलगी आली, सातवा महिना, कालपासून फ्लू. गरोदरपणात फ्लू अंगावर काढायचा नसतो, म्हणून मी तिला विषाणूवरची खास गोळी लिहून दिली आणि बजावलं की ही आजच सुरू कर. पहिल्या दोन दिवसांत घेतली तर तिचा खरा उपयोग होतो.

तिच्या सासूबाईंनी चिठ्ठीचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. विचारलं एवढंच, की ही गोळी कोणाला माहीत आहे का? ग्रुपवर प्रत्येकाला माहीत असतंच. दुसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याचा फोन आला की मॅडम, तुमचीच चिठ्ठी सकाळपासून अकरा मोबाइलवर बघितली, गोळी संपली, अजून मागवू का?

मी तशीच सोसायटीत गेले. एकाने ती सर्दीसाठी घेतली होती, एकाने कंबरदुखीसाठी, आणि सेक्रेटरींनी काहीच होत नसताना, पुढे होऊ नये म्हणून. शेवटी मी तिसऱ्या मजल्यावर त्या मुलीकडे पोहोचले. ती पांघरूण घेऊन बसली होती आणि गोळ्यांची पट्टी जशीच्या तशी होती.

सासूबाई म्हणाल्या, "ग्रुपवर सगळे म्हणाले, गरोदरपणात औषध नको." मी तिथेच उभी राहून तिला पहिली गोळी गिळायला लावली.

* * *

रफिकभाईंचा किस्सा मात्र माझ्या हिशोबाने माझीच चूक. ते इथे टेम्पो चालवतात, आई सोडून बाकी सगळं खानदान मालेगावला यंत्रमागावर. त्यांना चांगलाच फ्लू झाला होता. घरात म्हातारी आई, म्हणून मी कडक शब्दांत सांगितलं की पाच दिवस वेगळ्या खोलीत राहायचं. त्यांनी शब्द दिला, आणि रफिकभाई दिलेला शब्द पाळतात.

आठवड्याने दवाखान्यासमोर मालेगावची जीप थांबली. आतून एकामागून एक माणसं उतरली. सगळ्यांना ताप, सगळ्यांना खोकला. सगळ्यात शेवटी रफिकभाई, ठणठणीत बरे, उलट सगळ्यांना हात धरून आत आणत होते. मी विचारलं, तुम्हाला वेगळं राहायला सांगितलं होतं ना?

"अलगच होतो मॅडम. पूरे पाच दिन खोलीच्या बाहेर नाही आलो. सगळे भेटायला आतच आले."

आजारी माणसाला वेगळ्या खोलीत ठेवलंय म्हटल्यावर दुखणं मोठंच असणार, असा मालेगावला सगळ्यांनी अंदाज बांधला होता. मग कोण घरी बसेल? बिस्किटांचे पुडे आणि शहाळी घेऊन सगळे आले, आणि पलंगाभोवती दाटीवाटीने बसले. कोणाला कधी ताप आला ते मी लिहून घेतलं, आणि पलंगाच्या किती जवळ कोण बसलं होतं ते मला बरोबर सांगता आलं. आई तेवढी वाचली. त्या खोलीत तिला बसायला जागाच मिळाली नव्हती!

* * *

चुका सांगायच्याच तर ही माझी सगळ्यात मोठी. कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या सुमनमावशी ताप घेऊन आल्या. एकदम आदळलेला, अंग मोडून आलेलं. साथ चालू होती. मी म्हटलं, बहुतेक फ्लू आहे, फक्त तापाची साधी गोळी घ्या, अंगदुखीची दुसरी कुठलीही नको, आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला नाही तर परत या. त्या वर न जाता सरळ घरी गेल्या. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्या आल्या. ताप होताच, हातांवर बारीक लाल ठिपके होते. रक्त तपासलं तर डेंग्यू. मी त्यांना लगेच हॉस्पिटलात दाखल व्हायला पाठवलं आणि त्या बऱ्या होऊन येईपर्यंत माझं जेवणात लक्ष नव्हतं. नंतर त्या मेथीची जुडी घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांची माफी मागितली. म्हटलं, मी तुम्हाला फ्लू सांगितला होता.

"नाय मॅडम. तुम्ही बहुतेक म्हनल्या होत्या. मी ते बहुतेकच ध्यानात ठेवलं, म्हनून तर परत आले."

त्या दिवसापासून मी 'बहुतेक' हा शब्द मोठ्याने म्हणते. पहिल्या दिवशी सगळे ताप सारखेच दिसतात, हे पेशंटपासून लपवण्यात काही अर्थ नाही. माझ्या मनात तर तो गोंधळ कायमच असतो.

* * *

आता आप्पांकडे येते. वय अठ्ठ्याहत्तर, साखर थोडी वाढलेली. दर वर्षी पावसाळ्याच्या आधी मी फ्लूच्या लशीचा विषय काढते आणि दर वर्षी तो विषय ते माझ्या हातून काढून घेतात. यंदा म्हणाले, "चाळीस वर्षं लोक माझ्या तोंडावर खोकलेत. माझ्या ओळखीचा नाही असा कुठला व्हायरस आता राहिलाय?"

मी सांगितलं की तो दर वर्षी रूप बदलतो, म्हणून तर लस दर वर्षी घ्यायची. ते म्हणाले, रूप बदललं तरी चालण्यावरून माणूस ओळखतोच की आपण. लशीची बाटली पुन्हा फ्रिजमध्ये गेली, आणि दोन दिवसांनी ती मी देवरेकाकांना टोचली.

* * *

जानेवारीतला गुरुवार. मखमलाबादहून एक द्राक्ष बागाईतदार आले होते. तरुण माणूस, तापाचा दुसरा दिवस, छाती मी दोनदा ऐकली, स्वच्छ होती. त्यांनी सुई मागितली. मी नाही म्हटलं. आराम, पाणी, तापाची गोळी, दम लागला तर लगेच परत. ते मान हलवून शिरस्त्याप्रमाणे जिन्याकडे गेले.

दोन मिनिटांत परत खाली आले आणि बाकावर बसून राहिले. चंदाताईंनी विचारलं, काय झालं, आप्पा झोपलेत का?

"जागे हायेत. म्हनले, मॅडम बरोबर सांगतात. सुई नको."

चंदाताईंच्या हातातला केस पेपर हातातच राहिला. त्या माझ्या खोलीत आल्या आणि दार लावून घेतलं. म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही आधी वर जा. आप्पांना काहीतरी झालंय."

खरं सांगते, मला आधी आनंद झाला. चार वर्षं वाट बघितलेलं वाक्य होतं ते. मग चंदाताईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. स्टेथोस्कोप, थर्मामीटर, ऑक्सिमीटर, हाताला लागेल ते उचलून मी जिना चढले.

आप्पा खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पेपर. ताप नव्हता, मोजला. खोकला नाही, सर्दी नाही. मी थर्मामीटर काढल्यावर त्यांनी समोरच्या स्टुलाकडे हात केला.

"या, बसा. किती दिवस झाले?"

"कशाला, आप्पा?"

"तापाला."

मी बसले. त्यांनी माझं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत माझी नाडी मोजायला लागले. दुसऱ्या हाताने मी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि त्यांचे श्वास मोजले. ते फार भरभर चालले होते. आकडा अठ्ठ्याऐंशीवर थांबला, पंच्याण्णवच्या वर हवा होता.

"तुमची नाडी जोरात चालली आहे," ते म्हणाले. "घाबरू नका. आपण बघू."

म्हाताऱ्या माणसाला फ्लू झाला की ताप चढतोच असं नाही. कधीकधी माणूस नुसता गोंधळतो, आणि घरचे म्हणतात वय झालं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. माझ्या घरात ते इस्त्रीचा शर्ट घालून बसेल असं वाटलं नव्हतं.

नितीनला फोन केला, चंदाताईंनी रिक्षा न बघता सरळ ॲम्ब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलात तपासणीत फ्लू निघाला आणि एक्स-रेत न्यूमोनियाची सुरुवात. तिथला डॉक्टर तरुण होता, हुशार होता. फॉर्म भरताना त्याने विचारलं की ताप नाही, खोकला नाही, मग तुमच्या लक्षात कसं आलं?

"त्यांना माझं म्हणणं पटलं."

"नाही मॅडम, लक्षण काय होतं?"

"तेच."

त्याने काय लिहिलं ते मी बघितलं नाही. पार्किंगमध्ये जाऊन नितीनच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्या म्हाताऱ्याने आयुष्यभर मला चूक म्हणावं, पण घरी यावं, असं मी नितीनला सांगितलं. आठवड्याने आप्पा घरी आले. त्या सकाळचं त्यांना काहीच आठवत नव्हतं, निदान ते तसं म्हणाले. नर्सना धड शीर सापडत नाही, अशी तक्रार मात्र त्यांनी तपशिलात केली.

पुढे महिनाभर मी जिन्याच्या दाराला कडी लावली होती. मग एक दिवस त्यांनीच ती काढायला लावली. पहिला पेशंट वर गेला तो देवरेकाकांचा भाऊ. फ्लूच होता, बहुतेक. माझी चिठ्ठी घेऊन तो चढला आणि मी खाली कान देऊन उभी राहिले. गॅलरीतून आप्पांचा आवाज स्पष्ट आला.

"मॅडमनी सांगितलंय ना? मग तेच करा. मला कशाला विचारता?"

मी ऑक्सिमीटर घेऊन धावत वर गेले. पेपर चाळणाऱ्या आप्पांनी बोट पुढे केलं. मी थर्मामीटरही लावला, पुढून मागून छाती ऐकली, श्वास घड्याळ लावून मोजले, आज वार कोणता ते विचारलं.

"मंगळवार. आणि हे बोटाचं काढ आता, पान उलटता येत नाही."

सत्त्याण्णव होतं. मी पुन्हा लावून बघितलं. सत्त्याण्णवच.